गोव्याच्या हवेत ॲल्युमिनियमची पट्टी टिकवायची तर

गाडीच्या दाराखालची ॲल्युमिनियम पट्टी घरी बनवून ती स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने थेट गाडीच्या बॉडीवर बसवा, असं एका लेखात सांगितलं आहे. कळंगुट, वास्कोसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात कृपा करून असं करू नका. खारी, दमट हवा लागली की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजू लागतं आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते. भोकाच्या कडेचा रंग उडाला असेल तर बॉडीचा पत्राही गंजतो. दोन्ही धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून नायलॉनचं वॉशर आणि बुश (भोकात स्क्रूभोवती बसणारी छोटी नळी) घाला, किंवा सरळ दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोम टेप वापरा. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पट्टी जोर देऊन दाबा, 72 तास गाडी धुऊ नका. ऐन पावसाळ्यात हे काम काढूच नये.

पट्टीसाठी पत्रा 5052 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, 1.2 ते 1.5 मिमी जाडीचा घ्या. 6061-टी6 हा जास्त कडक मिश्रधातू काटकोनात वाकवला की बाहेरच्या कडेला तडकतो. वाकवण्याची रेघ पत्र्यावरच्या रोलिंगच्या (कारखान्यात पत्रा लाटताना उमटलेल्या) रेषांना आडवी ठेवा, वाकाच्या आतल्या गोलाईची त्रिज्या निदान पत्र्याच्या जाडीइतकी. आखणी मार्करनेच करा. टोकदार सुईने ओरखडा काढलात तर चीर तिथूनच सुरू होते. कानशीत कीस अडकला की पत्र्यावर खोल चरे पडतात, म्हणून आधी कानशीवर खडू घासा.