हवालदाराच्या हातात काय असते : एका निवृत्त सुभेदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

माननीय सुभेदारसाहेब,

सादर नमस्कार. अमेरिकी लष्करातील तरुण जवानांमध्ये लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी झालेल्या प्रयत्नांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगते. फौजेत शिस्त असते. अत्याचार करणारा एखादाच नासका आंबा असतो. त्याला शोधून कोर्ट मार्शल करावे, पण उरलेल्या शेकडो जवानांना समोर बसवून ‘असे करू नका’ म्हणून शिकवणे हा त्यांच्या वर्दीचा अपमान आहे. शिवाय बराकीत मुली आल्यामुळेच हा प्रश्न उपटला, असेही आपण लिहिले आहे. परक्या फौजेची धुणी मराठीत कशाला धुवायची, हा आपला शेवटचा प्रश्न.

व्याख्यानांबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने २००५ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले, आणि पुढची कित्येक वर्षे ‘प्रतिबंध’ या नावाखाली प्रामुख्याने जे चालले ते म्हणजे सभागृहात पडद्यावरच्या चौकटी वाचून दाखवणे आणि शेवटी हजेरीपटावर सही घेणे. लैंगिक हिंसा रोखण्याच्या उपक्रमांची १४० मूल्यमापने तपासणारा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वर्तनावर ठोस परिणाम झाल्याचे त्यात केवळ तीन ठिकाणी आढळले. त्यांपैकी दोन उपक्रम शाळकरी वयाच्या मुलामुलींसाठीचे होते आणि तिसरा होता एक कायदा व त्यातून मिळणारा निधी. तासाभराच्या व्याख्यानाने माणसाची मते काही आठवडे बदलतात, वागणूक बदलत नाही, हे त्या आढाव्यातून स्पष्ट दिसते. तेव्हा अशा व्याख्यानाला आपण अपमान म्हणता. मी त्याला वेळेचा अपव्ययही म्हणेन.

मात्र यावरून ‘कोर्ट मार्शल पुरेसे आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. शिक्षेला माझा विरोध नाही. सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी २०१३ पासून लावून धरलेली मागणी बऱ्याच अंशी मान्य होऊन, २८ डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हा निर्णय कमान अधिकाऱ्याच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे देण्यात आला, हे मला योग्यच वाटते. अडचण निराळी आहे. कोर्ट मार्शल होते ते तक्रार कागदावर आल्यानंतर, आणि बहुतेक प्रकरणे कागदापर्यंत पोहोचतच नाहीत. टेक्सासमधील फोर्ट हूड तळाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने ५०३ महिला सैनिकांशी समोरासमोर बोलून लैंगिक अत्याचाराच्या ९३ विश्वासार्ह हकिकती गोळा केल्या. त्यांपैकी ५९ प्रकरणांचीच तक्रार झालेली होती. ती समिती नेमली गेली व्हनेसा गिएन या २० वर्षांच्या सैनिक मुलीच्या प्रकरणानंतर. एप्रिल २०२० मध्ये तळावरच्याच शस्त्रागारात एका सहकाऱ्याने तिचा खून केला. एका वरिष्ठाने (हा खुनी नव्हे, दुसराच) तिचा लैंगिक छळ केला होता आणि ती गोष्ट तिच्या तुकडीतील हुद्देदारांच्या कानावर जाऊनही कोणी हालचाल केली नव्हती, असे लष्कराच्या स्वतःच्या चौकशीत पुढे निष्पन्न झाले. डिसेंबर २०२० मध्ये तेथील १४ अधिकारी आणि हुद्देदारांना पदावरून दूर किंवा निलंबित करण्यात आले. शिस्त त्या तळावरही होतीच. सलाम कडक होते, बूट चकचकीत होते.

शिस्तीचा विचार करताना एक गोष्ट आपण नजरेआड केली आहे, असे मला वाटते. वरिष्ठाची आज्ञा निमूट पाळणे आणि सोबत्याची चुगली न करणे हे दोन्ही संस्कार रंगरुटावर पहिल्याच आठवड्यापासून होतात, आणि लढाईत त्यांचे मोल मोठे असते. परंतु अत्याचार करणारा वरिष्ठच असेल, तर हेच दोन संस्कार त्याची ढाल बनतात. टेक्सासमध्येच असलेल्या लॅकलंड या हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर २०१२ मध्ये जी प्रकरणे उघडकीस आली, त्यांत आरोपी प्रशिक्षक होते आणि बळी पडलेल्या मुली त्यांच्याच हाताखालच्या.

आता मुलींच्या उपस्थितीचा मुद्दा. अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीचा अंदाज असा, की त्या एका वर्षात सुमारे २०,३०० सैनिकांवर लैंगिक अत्याचार झाले आणि त्यांत सुमारे १०,६०० पुरुष होते. फौजेत पुरुषांची संख्या कितीतरी अधिक असल्याने प्रत्येक स्त्रीला असलेला धोका अर्थातच जास्त ठरतो, पण निम्म्याहून अधिक बळी पुरुष असताना ‘मुली आल्या म्हणून’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. या पुरुषांबाबतचे निष्कर्ष विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. त्यांच्यावरील अत्याचार स्त्रियांच्या तुलनेत अधिक वेळा कामाच्या ठिकाणी, ड्यूटीच्या वेळेत, एकाहून अधिक जणांकडून आणि पुन्हा पुन्हा झालेले होते, आणि ‘लैंगिक अत्याचार’ असे न म्हणता ‘रॅगिंग’ किंवा ‘अपमान करण्यासाठी केले’ असे त्यांचे वर्णन करणारे पुरुष जास्त होते. नव्या पोराला कपडे उतरवायला लावायचे, चार जणांनी धरून ठेवायचे, एखादी वस्तू हातात घेऊन धमकवायचे, आणि नंतर ‘मर्द असशील तर हसून सोड’ म्हणायचे. आपल्या फौजेत ज्याला रगडा म्हणतात, म्हणजे शिक्षा म्हणून करायला लावलेली कसरत, तो ताकद आणि दम वाढवण्याचा असतो हे मला ठाऊक आहे. परंतु शिक्षा देणाऱ्याला मर्यादा आखून दिलेली नसेल, तर तो पुढच्या टप्प्यावर कधी गेला हे पाहणाऱ्यालाही कळत नाही.

याच पाहणीतील आणखी एक आकडा, जो माझ्या मते साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असायला हवा: ज्या स्त्रियांचा त्या वर्षात लैंगिक छळ किंवा लिंगभेद झाला होता, त्यांच्यावर अत्याचार होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या १४ पट होते, आणि पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण ४९ पट होते. अश्लील टोमणे, अंगचटी, मोबाइलवरची चित्रे या ज्या बाबी ‘पोरे आहेत, चालायचेच’ म्हणून सोडून दिल्या जातात, त्या जिथे चालतात तिथेच पुढचा गुन्हाही घडतो. नासका आंबा आढी नासवतो हे खरेच. पण आढी लावणारा माणूस दर दोन दिवसांनी आंबे खालीवर करतो, तो काही वास सुटायची वाट पाहत बसत नाही. अमेरिकी फौजेत हे काम सार्जंटचे, आपल्याकडे हवालदाराचे. कर्नलसाहेबांचे परिपत्रक जवान ऐकतो, पण काय खपते आणि काय खपत नाही हे तो हवालदाराच्या चेहऱ्यावरून ठरवतो.

म्हणूनच तरुण जवानाला संभाव्य गुन्हेगार न मानता साक्षीदार आणि मदतनीस मानणारे उपक्रम मला महत्त्वाचे वाटतात, आणि माझ्या लेखातला हाच भाग आपल्याकडून निसटला असावा. जॉन फुबर्ट या अभ्यासकाचा ‘मेन्स प्रोग्राम’ हा उपक्रम जर्मनीतील अमेरिकी सैनिकांवर राबवून पाहिला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फक्त पुरुष बसतात. दोन पुरुषांनी एका पोलिसावर केलेल्या बलात्काराचे वर्णन त्यांना चित्रफितीतून ऐकवले जाते. त्यानंतर अशा प्रसंगातून गेलेल्या मैत्रिणीशी कसे बोलावे, आणि असा प्रसंग घडू पाहत असेल तर मध्ये कसे पडावे, यावर चर्चा होते. कार्यक्रमानंतर सैनिकांची मध्ये पडण्याची तयारी वाढलेली दिसली. अर्थात ही तयारी त्यांनी प्रश्नावलीत सांगितलेली होती, प्रत्यक्ष कृती मोजलेली नव्हती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला मी बांधणार नाही. पण यात कोणाच्याही वर्दीचा अपमान होताना मला दिसत नाही.

प्रत्यक्षात मध्ये पडणे सोपे नसते. अमेरिकी बराकीच्या दाराशी रात्रभर टेबल टाकून दोन सैनिक ड्यूटीवर असतात. समजा, शनिवारी रात्री एक सार्जंट नव्याने आलेल्या, झोकांड्या खाणाऱ्या मुलीला दंडाला धरून आत नेतो आहे आणि टेबलाशी बसलेला १९ वर्षांचा शिपाई ते पाहतो आहे. तो सार्जंटला ‘थांबा’ म्हणू शकत नाही. पण मुलीचे ओळखपत्र मागून वेळ काढणे, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन करणे, ड्यूटीवरच्या दुसऱ्या सार्जंटला बोलावणे, हे त्याला जमण्यासारखे आहे, आणि त्याचा सराव बंदुकीच्या सरावासारखा आधीच झालेला असेल तरच ते जमते. तक्रारीच्या वाटेत आणखी एक अडचण होती: अमेरिकेत २१ वर्षांखालील व्यक्तीने दारू पिणे बेकायदा असल्याने बळी पडलेली १९ वर्षांची मुलगी तक्रार करताना स्वतःच अडकायची. २०२१ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याने तक्रारदाराला अशा किरकोळ गुन्ह्यासाठी शिक्षा न करण्याचे धोरण बंधनकारक केले. माझ्या मते शंभर व्याख्यानांपेक्षा या एका तरतुदीचा उपयोग जास्त आहे.

राहिला परक्या धुण्यांचा प्रश्न. अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खात्याला या विषयावर दरवर्षी अहवाल देणे भाग पाडले आहे, म्हणून त्यांची धुणी आपल्याला दिसतात आणि त्यांवरून शिकता येते. आपल्याकडे अग्निवीर म्हणून भरती होणारा मुलगा विशीच्या आसपासचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुली दाखल झाल्या आणि त्यांतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. आता प्रत्येक तुकडीबरोबर मुली असणार आहेत.

आपण रंगरूट तयार केले आहेत, मी केलेले नाहीत. तेव्हा आपल्याला एक विनंती: नव्याने उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून नेमलेल्या हवालदाराला रगड्याची मर्यादा कोठे संपते हे कोण सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो, आणि त्याने ती ओलांडली तर त्याच्या हाताखालच्या पोराने कोणाकडे जायचे असते, हे आपण स्वानुभवाने लिहून पाठवावे. ते मी प्रतिक्रियांमध्ये न ठेवता स्वतंत्र लेख म्हणून येथे प्रसिद्ध करीन.