‘मेंदूला विश्रांती लागतच नाही’ : एका संदेशाचा प्रतिवाद

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांमध्ये, आणि कोल्हापुरातील अभ्यासिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर विशेषच, एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की मेंदू झोपेतही चालूच असतो, म्हणजे तो थकत नाही. तालमीतला पैलवान अंग पिळून काढतो तसा मेंदूही पिळावा. रंकाळ्यावर फिरताना कानात व्याख्यान आणि जेवताना समोर चालू घडामोडी असाव्यात. अगदीच कंटाळा आला तर दहा मिनिटे रील्स पाहाव्यात, तीच विश्रांती.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते, तरी आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतील सुमारे 20 टक्के वाटा तो घेतो, आणि अवघड गणित सोडवायला घेतले तरी ही मागणी फारशी वाढत नाही. तो बंद पडत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. 2001 मध्ये अमेरिकी मेंदूवैज्ञानिक मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की समोर ठरावीक काम नसते तेव्हा मेंदूतील काही भाग उलट अधिक सक्रिय असतात. गतकाळ आठवणे, पुढचे योजणे आणि स्वतःविषयी विचार करणे यांच्याशी त्या भागांचा संबंध असल्याचे पुढील संशोधनातून दिसले. बाहेरून सतत काही कानावर आदळत राहिले, तर या कामाला सवड उरत नाही.

मेंदू थकत नाही, हेही खरे नाही. पॅरिसमधील संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा तासांहून अधिक काळ कठीण बौद्धिक काम केलेल्या लोकांच्या मेंदूच्या पुढील भागात, सोपे काम केलेल्यांच्या तुलनेत ग्लुटामेट, म्हणजे मेंदूतील पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन, अधिक साठलेले आढळले, आणि निर्णय घेताना ते लोक कमी कष्टाच्या, लगेच मिळणाऱ्या लाभाकडे झुकू लागले होते. थकव्याचे सगळे कोडे याने उलगडले असे मी म्हणणार नाही.

पैलवानाचा दाखला तर कोल्हापुरात कोणी द्यायलाच नको होता. पहाटेची मेहनत झाली की खुराक, दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत, हा तालमीचा क्रम इथे लहान मुलालाही ठाऊक असतो. दुपारची झोप टाळून जोर मारत बसणाऱ्याला कोणताही वस्ताद शाबासकी देणार नाही.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा स्मरणाचा आहे, आणि संदेश नेमका तिथेच नुकसान करतो. वाचलेले त्याच क्षणी पक्के होत नाही, त्याला काही अवधी लागतो, ही कल्पना ग्यॉर्ग म्युलर आणि आल्फोन्स पिल्त्सेकर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1900 मध्येच मांडली होती. मिकेला ड्युअर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये तिची एका साध्या प्रयोगातून पारख केली. वयस्कर व्यक्तींना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या; एका गोष्टीनंतर दहा मिनिटे मंद प्रकाशात डोळे मिटून स्वस्थ बसायला सांगितले, तर दुसरीनंतर तेवढाच वेळ चित्रांमधील फरक शोधायचा खेळ दिला. जिच्यानंतर विश्रांती मिळाली ती गोष्ट सात दिवसांनीही अधिक चांगली आठवली. चित्रांचा त्या गोष्टीशी काहीही संबंध नव्हता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. राज्यघटनेचे प्रकरण मिटताच इयरफोन कानात घालणारा मुलगा दुसरा विषय करून वेळ वाचवल्याचे समाधान मिळवतो, पण आधीच्या प्रकरणाला स्थिरावायला मिळाली असती ती मिनिटे त्यात जातात.

रील्सचे उत्तर थोडक्यात देता येते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शब्दकोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना मधल्या सुटीत मोबाइल दिला. सुटीनंतर त्यांची कामगिरी मोबाइलविना सुटी घेतलेल्यांपेक्षा खालावलेली दिसली. कंटाळा गेला म्हणजे शीण गेला असे नसते. दर काही सेकंदांनी नवे चित्र, नवा आवाज आणि नवा विषय आला की लक्ष कामालाच जुंपलेले राहते.

या संदेशाला उत्तर म्हणून काही जण ‘डोपामीन उपवास’ सुचवतात, म्हणजे मोबाइलसारख्या सुखावणाऱ्या गोष्टी काही काळ टाळून मेंदूतील डोपामीन हे रसायन कमी करायचे; तोही तितकाच पोकळ आहे, कारण मोबाइल दिवसभर कपाटात ठेवल्याने डोपामीन धुऊन निघत नाही. विद्यार्थ्याला त्याची गरजही नाही. दोन प्रकरणांच्या मध्ये दहा मिनिटे काहीही न वाचता, न ऐकता बसणे किंवा रंकाळ्याची फेरी इयरफोनशिवाय मारणे, एवढे कोणत्याही वेळापत्रकात बसते.