मेंथॉलने अंग थंड वाटतं, पण उष्णता कमी होत नाही
एका लेखात म्हटलंय की मेंथॉल (पुदिन्यातला गार वाटणारा पदार्थ) लावलं की शरीरातली उष्णता बाहेर पडते, हे जरा उलटं आहे हो. त्वचेतल्या नसांवर टीआरपीएम८ नावाचं रिसेप्टर (गारवा ओळखणारं प्रथिन) असतं, ते एरवी साधारण २५-२८ अंशांच्या खाली तापमान गेलं की चालू होतं, आणि मेंथॉल त्यालाच जाऊन चिकटतं म्हणून मेंदूला वाटतं गार पडलं, थर्मामीटर मात्र तिथेच. (हे रिसेप्टर २००२ मध्ये सापडलं, ज्युलियस आणि पटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं शोधलं, तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टर्सवरच्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं त्यातलाच हा भाग.)

आता गंमत अशी की शरीर हा खोटा निरोप खरा मानतं. मोठ्या भागावर लावलं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत धरून ठेवली जाते आणि मेटाबॉलिझम किंचित वाढू शकतो, म्हणजे आतलं तापमान उतरायच्या ऐवजी थोडं चढायचीच शक्यता जास्त. उंदरांमध्ये तर ब्राऊन फॅट, म्हणजे उष्णता तयार करणारी चरबी, पेटल्याचं दिसलंय. पण म्हणून लगेच "मेंथॉलने वजन घटवा" वगैरे सुरू करू नका प्लीज, माणसात हा परिणाम फारच लहान आहे.

मला खरी भीती कडक उन्हात पळणाऱ्यांची वाटते, त्यांना गार वाटतं म्हणून ते जोर कमी करत नाहीत आणि आतून तापत राहतात. आणि ताप उतरवायला तर याचा काडीचा उपयोग नाही, तान्ह्या बाळांच्या नाकाजवळ तर अजिबात लावू नका, श्वासाला त्रास होऊ शकतो.