‘एवढी साधी गोष्ट’: एन्ट्रोपिकवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

सॅन दिएगोच्या एन्ट्रोपिक कम्युनिकेशन्स या चिप-कंपनीवर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा आधी देतो. आपले मुख्य वाक्य असे आहे: “वाय-फाय आल्यावर तारेवरून घरात नेटवर्क चालवणाऱ्या चिपांची गरजच उरली नाही, एवढी साधी गोष्ट लेखकाला कळू नये याचे आश्चर्य वाटते.” त्यानंतर एन्ट्रोपिकने ट्रायडंट या दिवाळखोर कंपनीचा सेट-टॉप बॉक्सच्या चिपांचा व्यवसाय विकत घेतला, त्या खरेदीचा दोष व्यवस्थापनाचा असताना मी त्यावर पांघरूण घातले, लेख एखाद्या जाहिरातीसारखा वाटतो, आणि या परक्या कंपनीशी मराठी वाचकाचे देणेघेणे काय, असे आणखी तीन मुद्दे आपण मांडले आहेत.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. लेखाचे शीर्षक भडक होते. ‘भिंतीतल्या तारेतून सोने काढणारी कंपनी’ हे शब्द एखाद्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाला शोभले असते, येथे ते नको होते. या बाबतीत आपला आक्षेप रास्त आहे.

मात्र ‘एवढी साधी गोष्ट कळू नये’ ही बोलण्याची रीत मला रास्त वाटत नाही, आणि ते स्पष्टपणे सांगायला मला संकोचही वाटत नाही. मतभेदाला माझी हरकत नाही. लेखाखाली प्रतिक्रियांची जागा त्यासाठीच ठेवली आहे. परंतु समोरच्याने काही पुरावा मांडला असता त्यातील एकाही आकड्याला हात न लावता, तो अज्ञानीच आहे असे गृहीत धरून आश्चर्य व्यक्त करणे याला चर्चा म्हणत नाहीत. आपल्याकडच्या कार्यालयांतील बैठकांत ही पद्धत मी पुष्कळ पाहिली आहे. वरिष्ठ मनुष्य “हे तर उघडच आहे” असे म्हणतो, कनिष्ठ गप्प बसतो, आणि उघड काय आहे ते कोणी तपासत नाही. तेव्हा ही ‘साधी गोष्ट’ तपासूनच पाहू.

एन्ट्रोपिकची स्थापना २००१ सालची. घराच्या भिंतींत टीव्हीसाठी आधीच टाकलेल्या कोॲक्स केबलवरून खोल्याखोल्यांत माहिती नेण्याचे जे तंत्रज्ञान ‘मोका’ या नावाने ओळखले जाते, त्याच्या मुळाशी ही कंपनी होती. जानेवारी २००४ मध्ये त्यासाठी संघटना स्थापन झाली, तेव्हा मोटोरोला, पॅनासोनिक, तोशिबा अशी मोठी नावे एन्ट्रोपिकबरोबर होती. त्या वेळी घराघरांत असलेले वाय-फाय म्हणजे ८०२.११जी, कागदावर ५४ मेगाबिट आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही बहुधा कमी, तेही राउटरच्या शेजारी बसल्यास. अमेरिकेतील एचडी प्रक्षेपणाच्या एका वाहिनीची कमाल मर्यादा सेकंदाला १९.३९ मेगाबिट आहे. एका खोलीत रेकॉर्डर ठेवून तीन खोल्यांत तीन वेगवेगळे कार्यक्रम पाहायचे असतील, तर ५८ मेगाबिटपर्यंतचा सलग, न अडखळणारा प्रवाह लागणार. मोकाची पहिली आवृत्ती १०० मेगाबिटचा प्रत्यक्ष वेग देत होती आणि पुढची १.१ ही आवृत्ती १७५ मेगाबिटचा. वाय-फाय या प्रकारे ‘आलेले’ असूनही व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने आपल्या फायॉस या इंटरनेट-टीव्ही सेवेच्या राउटरमध्ये आणि सेट-टॉप बॉक्समध्ये मोका का घातला, याचे उत्तर आपल्या वाक्यात कोठे आहे?

आपण म्हणाल की ही वाय-फायच्या बाल्यावस्थेची गोष्ट झाली. ठीक आहे, पुढचे पाहू. ८०२.११एन हे वाय-फायचे बरेच वेगवान मानक २००९ मध्ये अंतिम झाले. आपले म्हणणे खरे असते तर त्यानंतर एन्ट्रोपिकचा धंदा बसायला हवा होता. झाले उलटे. २००९ मध्ये सुमारे ११.६ कोटी डॉलर असलेले तिचे उत्पन्न २०१० मध्ये सुमारे २१ कोटींवर गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. डायरेक्टटीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीने घरभर एकाच रेकॉर्डरची सेवा मोकावर उभारली ती याच सुमारास, आणि २०१२ साली डिश या तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘हॉपर’ हा रेकॉर्डर आणला तोही मोकावरच. उपग्रहाचा सिग्नल त्याच केबलवर ९५० मेगाहर्ट्झपासून वर जात असल्यामुळे, दोघांची टक्कर टाळण्यासाठी डायरेक्टटीव्हीसाठी मोकाला ४७५ ते ६२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खाली उतरावे लागले, तर फायॉसच्या घरांत टीव्हीच्या वाहिन्या ८६० मेगाहर्ट्झच्या खाली आणि मोका त्यांच्या वर, असे वाटप होते. ज्या वस्तूची ‘गरजच उरली नाही’ तिच्यासाठी कोणी एवढी उठाठेव करीत नाही.

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगावे लागेल. आत्मस्तुतीची हौस नाही, परंतु आपण लेखकाच्या समजुतीवरच प्रश्न उपस्थित केला आहे, म्हणून सांगतो. पुण्यात असताना मी दीर्घकाळ सेट-टॉप बॉक्सच्या सॉफ्टवेअरवर काम केले. अमेरिकेतील एका टीव्ही-सेवा पुरवठादारासाठी आमची तुकडी मोकाच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, सांभाळत असे. प्रयोगशाळेत टेबलाखाली केबलची वेटोळी, स्प्लिटर (एका केबलचे अनेक फाटे करणारा जोड) आणि ॲटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम क्षीण करणारे साधन) मांडून आम्ही अमेरिकन घराची नक्कल करीत असू, आणि त्यात एखादा जुना, स्वस्तातला स्प्लिटर मुद्दाम घालत असू. केबल टीव्हीचा सिग्नल बाहेरून आत येतो आणि स्प्लिटरमधून फाटे फुटत टीव्हीपर्यंत जातो. स्प्लिटरचे दोन फाटे एकमेकांपासून शक्य तितके अलग राहावेत अशीच त्याची रचना असते. मोकाला मात्र नेमके एका फाट्यातून दुसऱ्या फाट्यात जायचे असते. म्हणजे ज्या वाटेवर अडथळा मुद्दाम उभा केला आहे, त्याच वाटेने. २० ते ३० डेसिबलचा तोटा तेथेच होतो, शिवाय केबलच्या उघड्या टोकांवरून परत येणारे प्रतिध्वनी वेगळेच.

एन्ट्रोपिकच्या अभियंत्यांनी या अडचणीवर जो उपाय काढला, तो माझ्या लेखाचा खरा विषय होता. आपण त्याचा उल्लेखही केला नाही, म्हणून पुन्हा लिहितो. ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे २२४ बारीक वाहक, म्हणजे स्वतंत्रपणे माहिती वाहणाऱ्या लहरी, करायचे, घरातील प्रत्येक दोन बॉक्सांमधील वाट वेगवेगळी तपासायची, आणि त्या वाटेवर कोणत्या वाहकावर किती बिट टिकतील ते ठरवून तेवढेच लादायचे. बैठकीच्या खोलीतून शयनगृहाकडे जाणारी वाट आणि शयनगृहातून तळघराकडे जाणारी वाट यांचे तक्ते निरनिराळे. त्यावर एक बॉक्स सर्वांना बोलण्याची वेळ नेमून देतो, त्यामुळे दोघे एकदम बोलून एकमेकांचा सिग्नल बिघडवत नाहीत. वाय-फायमध्ये प्रत्येक जण कानोसा घेऊन आपली संधी साधतो. वेबपान उघडायला ते पुरते. चालू सामन्याच्या मध्येच चित्राचे चौकोन पडले की ग्राहक पुरवठादाराला फोन करतो, आणि त्या एका फोनचा व दुरुस्तीसाठी पाठवलेल्या गाडीचा खर्च चिपच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असतो. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आपण वाय-फाय कोठे तपासले आहे ते प्रतिक्रियेत लिहिलेले नाही. घरातल्या फोनवर असेल तर तसे सांगावे.

पुढे बिनतारी सेट-टॉप बॉक्सही आले, हे मला ठाऊक आहे. परंतु एन्ट्रोपिकची घसरण ज्याने सुरू झाली ते कारण बॉक्सच्या आतच होते. ब्रॉडकॉम या मोठ्या चिप-कंपनीने सेट-टॉप बॉक्सच्या मुख्य चिपमध्येच मोका घातला. मेसच्या डब्यात लोणचे येऊ लागल्यावर लोणच्याची वेगळी बरणी कोण विकत घेणार? लोणचे वाईट झाले म्हणून नव्हे, तर ते आता डब्याच्या किमतीत येते म्हणून. मोका ही संघटनेची खुली विनिर्देशिका, म्हणजे इतरांनाही वापरता येणारे तांत्रिक मानक, होती. एन्ट्रोपिकने इतरांना सोबत घेतले नसते तर पुरवठादारांनी ती स्वीकारली नसती, आणि सोबत घेतल्यामुळेच ब्रॉडकॉमला दार उघडे मिळाले. माझ्या लेखाचा सगळा युक्तिवाद एवढाच होता. आणि पुन्हा माझ्याच अनुभवाचा दाखला देतो: मुख्य चिपमध्ये मोका असलेला बोर्ड आमच्या प्रयोगशाळेत आल्यानंतर थोड्याच काळात वेगळ्या चिपचा ड्रायव्हर सांभाळणारी आमची तुकडी मोडली. मला दुसऱ्या कामावर टाकण्यात आले, दोन सहकाऱ्यांना तेही मिळाले नाही. त्या बोर्डवर वाय-फाय नव्हतेच. तेव्हा कशाने काय संपले याविषयी आपल्या आश्चर्यापेक्षा माझ्या आठवणीवर मी अधिक विसंबतो.

मोकाची २.५ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, अडीच गिगाबिटची. ती आज कशासाठी वापरली जाते हे पाहिल्यास आपल्या वाक्याची गंमत अधिक कळेल. अमेरिकेतील घरांत वाय-फायचा दुसरा राउटर वरच्या मजल्यावर लावतात, तेव्हा त्याला खालच्या राउटरशी जोडण्यासाठी कोॲक्स केबल आणि मोका वापरण्याची पद्धत आहे. ज्या वाय-फायने मोकाला संपवले असे आपण म्हणता, त्याचा भार काही घरांत तरी मोकाच वाहतो आहे.

आता उरलेले मुद्दे. ट्रायडंटची खरेदी उत्तम होती असे मी कोठेही लिहिलेले नाही. सेट-टॉप बॉक्सच्या चिपांचा तो व्यवसाय कोनेक्झंट या चिप-कंपनीकडून २००८ मध्ये एनएक्सपी या दुसऱ्या चिप-कंपनीकडे, तेथून एनएक्सपीच्या स्वतःच्या टीव्ही-व्यवसायासह २०१० मध्ये ट्रायडंटकडे, आणि ट्रायडंटने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर ६.५ कोटी डॉलरना एन्ट्रोपिककडे आला. मुख्य चिप आपल्याकडेही असावी म्हणून केलेली ही धडपड होती. उत्पन्न २०१२ मध्ये ३२ कोटींवर गेले ते बऱ्याच अंशी या नव्या व्यवसायामुळे, आणि २०१४ मध्ये १९ कोटींवर उतरले. इतक्या हातांतून गेलेला माल घेताना अधिक विचार करायला हवा होता, असे आपल्याला वाटत असेल तर वाटो. मागे वळून शहाणपण सांगणे सोपे असते. त्यावर वेगळा लेख लिहिण्याइतका तो मुद्दा मला मोठा वाटत नाही.

‘जाहिरात’ या आरोपाला उत्तर देण्याचीही खरे तर आवश्यकता नाही. एन्ट्रोपिक ३० एप्रिल २०१५ रोजी मॅक्सलिनिअर या दुसऱ्या चिप-कंपनीत विलीन झाली. भागधारकांना प्रत्येक शेअरमागे १.२० डॉलर रोख आणि मॅक्सलिनिअरच्या शेअरचा ०.२२ हिस्सा मिळाला. सगळा सौदा २८.७ कोटी डॉलरच्या आसपास. अस्तित्वात नसलेल्या कंपनीची जाहिरात कोण करवून घेईल आणि त्यातून काय विकेल, हे आपणच सांगावे. आरोप करण्यापूर्वी लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचला असता तरी पुरले असते.

मराठी वाचकाचा संबंध विचारलात. मॅक्सलिनिअर ही २००३ साली सॅन दिएगोच्या उत्तरेस कार्ल्सबाड येथे सुरू झालेली कंपनी. तिचे सहसंस्थापक आणि प्रमुख किशोर सींद्रिपू हे पवईच्या आयआयटीचे बी.टेक. आहेत. टीव्हीच्या ट्यूनरचा, म्हणजे हवी ती वाहिनी निवडणाऱ्या भागाचा, पत्र्याचा डबा काढून टाकून त्याचे काम साध्या सीमॉस (नेहमीच्या, स्वस्त पद्धतीने बनणाऱ्या) चिपवर बसवणे, ही त्या कंपनीची पहिली कामगिरी. २०२० मध्ये तिने इंटेलचा घरगुती राउटरच्या चिपांचा व्यवसायही विकत घेतला. राहता राहिला प्रश्न मोका आपल्या घरांत का नाही याचा. आपल्याकडे गच्चीवरून एक केबल खाली येते आणि एका टीव्हीत शिरते. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हाही घरात आले ते साधे, एकट्याने काम करणारे बॉक्स. भिंतीत खोलीगणिक कोॲक्स नसेल तर मोकाने जायचे कोठून? आपल्या घरात वाय-फाय पुरते, म्हणून अमेरिकेतही ते पुरले असणार, असे आपण मानलेले दिसते. आमच्या सिमेंटच्या भिंतींत तर ते स्वयंपाकघरापर्यंतही नीट पोहोचत नाही, पण ते असो.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही. त्या २००९ आणि २०१० च्या आकड्यांविषयी आपल्याला काही म्हणायचे असेल, तर जरूर लिहावे. पुढील लेख मॅक्सलिनिअरच्या ट्यूनरवर आहे. त्याचे शीर्षक फक्त ‘सीमॉस ट्यूनर’ एवढेच ठेवले आहे.