जुलाब थांबले म्हणजे हिशेब संपत नाही

दूषित अन्नातून होणाऱ्या जिवाणूजन्य आजारांचा खर्च मी वाचलेल्या एका लेखात रुग्णालयाचे बिल आणि बुडालेली मजुरी यांवरून मांडला आहे. ही मांडणी चुकीची नाही, पण या आजारांचा सर्वांत जड भाग तिच्यातून निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे (यात विषाणू, परजीवी आणि रसायनेही आली) दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. दगावणाऱ्यांपैकी सव्वा लाख पाच वर्षांखालील मुले असतात, आणि हा आकडा वाचून सहज पुढे जाणे मला तरी जमत नाही.

जे वाचतात, त्यांचेही सगळे सुरळीत होतेच असे नाही. कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूमुळे झालेले जुलाब थांबल्यावर काही आठवड्यांत एखाद्या रुग्णाच्या पायांतली शक्ती जाऊ लागते, कारण जिवाणूविरुद्ध लढण्यासाठी शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) त्याच्याच मज्जातंतूंवर उलटतात. शिगा नावाचे विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर लिस्टेरिया या जिवाणूमुळे गर्भपात होऊ शकतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या मुलाचे डायलिसिस पुढे मूत्रपिंडविकाराच्या खात्यावर नोंदले जाते. मूळ कारण असलेले अर्धेकच्चे मांस किंवा न तापवलेले दूध त्या नोंदीत कुठेच दिसत नाही. शिवाय बहुतेक रुग्णांची विष्ठेची तपासणीच होत नसल्याने नेमका जिवाणू कोणता, हेही कळत नाही. लेखकांनी पुढील लेखात या दीर्घकालीन खर्चाचा आणि तपासणीच्या अभावाचा स्वतंत्र विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.