पायाळू मावशी आणि माझा अंगठा

काल मी भर दवाखान्यात एका अनोळखी बाईच्या पायाखाली आपणहून हात दिला. लिहिताना अजून कान तापतात.

दुखणं तसं दीड महिन्याचं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर. भाकरी थापताना कळ, धुणं पिळताना कळ, सहा महिन्यांच्या लेकाला उचलताना तर डोळ्यांपुढे काजवे. घरातलं निदान एकच: मोबाईल.

परभणीत हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर सव्विसावा, आत चौथा. शेजारी मानवतकडच्या एक मावशी.

"काय झालंय माय हाताला?"

"मनगट दुखतंय."

"चमक भरली आसंल. मी पायाळू हाय."

पायाकडून जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की कंबरेतली चमक निघते, अशी आपल्याकडची समजूत. कंबरेतली, मनगटातली नव्हे, असं मी सांगून पाहिलं.

"चमकीला काय कळतंय, कंबर कोणती न् मनगट कोणतं? आमच्या गावात ट्रॅक्टरवाल्याला उठता येईना. तीन लाथा घातल्या, चौथ्या दिशी नांगरायला गेला."

"मग मधले तीन दिवस?"

"लाथंला लागू पडाय टाईम लागतो. डाक्टरच्या गोळीला लागत न्हाई का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, हीच माझी चूक. मावशींनी चप्पल काढली, तळवा लुगड्याला पुसला. पायाला प्लॅस्टर घातलेले एक काका म्हणाले, "करून बघा की, फुकटच तर आहे." मी बाकड्यावर हात ठेवला. बारा-पंधरा माणसं बघत होती. एकानं मोबाईल काढला. (त्याचं मनगट दुखत नाही!)

आत डॉक्टरांनी अंगठा मुठीत दाबायला लावला आणि मूठ करंगळीकडे वाकवली. मी ओरडले. बाहेरून आवाज आला, "बघा! म्या तर निस्ता पाय लावला होता!"

अंगठ्याच्या दोन शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) एका अरुंद नळीतून जातात. नळीचं अस्तर जाड झालं की नेफ्यात नाडी अडकावी तशा त्या अडकतात. स्वित्झर्लंडच्या डी क्वेरव्हेन नावाच्या सर्जननं 1895 साली हे लिहून ठेवलंय. बाळंतिणींना हे बऱ्याचदा होतं. बाळाच्या बगलेत अंगठे घालून उचलायचं नाही, खालून तळहात घालायचे. महिनाभर पट्टा, बर्फाचा शेक. नाहीच थांबलं तर इंजेक्शन, अगदीच तर छोटं ऑपरेशन.

म्हणजे सव्वाशे वर्षं या दुखण्याला नाव आहे आणि आमच्या घरात ते मोबाईल. सासूबाईंनी हेच मनगट फडक्यानं बांधून जन्मभर भाकऱ्या थापल्या. त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नाही. त्याही मला तेच ऐकवतात, "आम्ही नाही का केलं?" केलंत हो. करायला नको होतं.

पट्ट्यात अंगठा ताठ उभा राहतो. घरभर सगळ्यांना ठेंगा दाखवत फिरतेय. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. नळी, शिरा, इंजेक्शन, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "त्या मावशी मानवतात नेमक्या कुठं राहतात?"