एक लाख साठ हजारांसाठी कोर्ट?

सकाळपासून डोकं फिरलंय.

आमच्या वाडीतली काकू आज देवगडला बँकेत गेली होती. काका श्रावणात गेले. एफडी एक लाख साठ हजारांची. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही. काउंटरवरच्या साहेबाने मृत्यूचा दाखला उलटापालटा केला, पासबुक परत सरकवलं आणि म्हणाला, "कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा." म्हणजे वारस कोण, याचा कोर्टाचा दाखला.

काकूने कागद पुन्हा त्या साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत भरले आणि एसटी पकडली. घरी येऊन मला विचारते, "आता माका कोर्टात उभी करतले काय रे?"

अरे, कशाला कोर्ट? वकिलाची फी, कोर्ट फी, पेपरात नोटीस, तारखा. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय की वाद नसेल तर व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने पैसे द्या. क्लेम फॉर्म, इंडेम्निटी बाँड (उद्या दुसरा कोणी हक्क सांगत आला तर भरपाईची हमी), बाकी वारसांचं संमतीपत्र. बाहेरचा जामीनदारही मागायचा नाही. कागद पूर्ण झाले की 15 दिवसांत निकाल. हे साहेबाला माहीत नसेल तर त्या खुर्चीत बसतो कशाला?

बरं, खोटे वारस उभे राहतात, बँकही पोळलेली असते. मान्य. पण काकूला अख्खा बाजार ओळखतो हो!

आणि ते मुंबईकर. फोनवर लगेच "प्रोबेट लागेल". प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. मृत्युपत्रच नाही तर प्रोबेट कशाचं? त्याची सक्ती होती ती मुंबईसारख्या शहरांतली, सिंधुदुर्गात कधीच नव्हती.

खरं सांगू, साहेबापेक्षा मला काकूच्या विरारच्या मुलाचा जास्त राग आलाय. संमतीपत्रावर एक सही हवी, तर म्हणतो "आधी कलमांच्या बागेचं ठरवूया". बागेची वारस नोंद तलाठ्याकडे होईल, फेरफार निघेल, त्याचा एफडीशी काय संबंध? आईच्या औषधांचे पैसे आहेत ते.

त्याचीही नोकरी गेलीय म्हणे. असो. रात्री पुन्हा फोन करतो, शिव्या न देता.

तुम्ही मात्र यंदा गावी आलात की म्हाताऱ्यांची पासबुकं काढायला लावा आणि नॉमिनीचा फॉर्म भरा. आता चार नावं घालता येतात, त्यामुळे "त्याचंच का घातलंत" हेही नको. फक्त नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, एवढं थोरल्याला आधीच ऐकवून ठेवा.